उत्तरपूजेपर्यंत हलवू नये

पेडगाव,
आश्विन वद्य पंचमी, शके १९४५

श्रीराम,

आशीर्वाद आरंभीच लिहितो. पत्राच्या अखेरीस ते देण्याचे धैर्य माझ्यात उरेल, याची मला खात्री नाही.

फोन तू उचलत नाहीस. तुझी आई म्हणते, "लेकरू सासुरवाडीला गेलंय, जरा निवांत राहू द्या की." संभाजीनगरला जाऊन माणूस निवांत होत असेल तर व्हावा. मी लेखणी धरली आहे, कारण पत्राला उत्तर दिले नाही तरी ते घरात राहते आणि केव्हातरी हाताला लागते.

काल तुझ्या आरोग्य केंद्रातला शिपाई योगीराज सावळदऱ्याहून मुद्दाम आला होता. पायरीवर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "महाराज, सायबांनी लिहून दिलंय. सिस्टरनं न बघता टिक मारली, आन् पिशवी टायमाला मागितलीच न्हाई म्हनं. चौकशी बसनार हाय. सुकेशनी सिस्टर जातीय आता घरी." मग माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाला, "तुमी तर तिथंच व्हता."

मी त्याला म्हणालो, माझी संध्येची वेळ झाली. संध्येला अजून पुष्कळ अवकाश होता.

श्रीराम, ती यादी प्रथम तूच मला दाखवली होतीस. प्रसूतीची नवी खोली तयार झाली, तेव्हा भिंतीवर ती लावताना तू किती उल्हसित होतास! म्हणालास, अण्णा, यात नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. सर्वांना जे ठाऊक आहे तेच आहे. फक्त बाई दाखल होताना, ती जोर लावू लागण्याआधी, मूल झाल्यावर आणि घरी सोडताना, अशा चार ठिकाणी क्षणभर थांबायचे आणि एकेक गोष्ट डोळ्यांनी पाहायची. हात धुतले का. रक्तस्रावाचे इंजेक्शन जवळ आहे का. मूल रडले नाही तर त्याच्या तोंडावर धरून श्वास भरायची रबरी पिशवी खाटेपाशी आहे का. जिथे हात थोडे आणि बायका पुष्कळ, तिथे मरण अज्ञानाने कमी येते, विसराने अधिक येते, असे तू म्हणालास. मला ते वाक्य इतके भावले की मी एकादशीच्या प्रवचनात ते सांगितले.

आणि मी तुला सांगितले होते की हे आपल्याकडे फार जुने आहे. यज्ञात होता नावाचा पुरोहित ऋचा म्हणतो, अध्वर्यू हातांनी कर्म करतो, उद्गाता सामगायन करतो. चौथा ऋत्विज ब्रह्मा, तो दक्षिणेस बसून काहीच करीत नाही. तो पाहतो. सर्वांत विद्वान तोच असावा लागतो, आणि त्याची सारी विद्या एवढ्याचसाठी, की कोणाचे काही राहिले तर त्याने मौन सोडून ते सांगावे. तू हसून म्हणालास, "म्हणजे तुमच्या यज्ञातली चेकलिस्ट दक्षिणासुद्धा घेते की!" त्या दिवशी आपण दोघेही फार हसलो होतो.

खंडेनवमीला मी केंद्रात तुझ्या हत्यारांची पूजा मांडली होती, तेव्हाच चंद्रभानची सून प्रियांका तिथे आली. तिची वेळ जवळ आल्यावर सुकेशनी यादी घेऊन त्या पिशवीपाशी अडली. हे मला ठाऊक आहे, कारण तुम्ही दोघे माझ्या पूजेच्या खोलीच्या दारात बोलत होता.

"सर, पिशवी इथं पूजेत हाय. खाटेपाशी न्हाई."

"भिंतीपलीकडं तर आहे. टिक कर. लागली तर आणू."

"दुसरी फाटलेली हाय, सर."

"सुकेशनी, दसरा झाला की टीम यायलीय तपासायला. एक रकाना रिकामा दिसला तर उत्तर मला द्यावं लागतंय. चल पुढं."

ती पुढे गेली. मुलगी जन्मली, रडली नाही, आणि गेली. आता तू लिहून दिले आहेस की दोष सुकेशनीचा.

ते निवेदन मागे घे. तुझी नोकरी कायम आहे, तिची करारावरची आहे. तुझ्यावर ताशेरा येईल. तिच्या घरची चूल विझेल. माझा त्या दिवसाशी संबंध एवढाच, की तू सांगितलेस म्हणून मी तुझ्या हत्यारांची पूजा केली. म्हणून मी हे तटस्थपणे लिहू शकतो.

अण्णा


पेडगाव,
कार्तिक शुद्ध द्वितीया

श्रीराम,

उत्तर नाही. आज भाऊबीज. सकाळी कडूबाई आली होती. चंद्रभानची बायको, प्रियांकाची सासू. तूही तिला पाहिले आहेस, प्रसूतीच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून बसली होती ती. ओसरीखाली अंगणातच उभी राहिली. मी वर ये म्हणालो.

"बरी हाय मी इथंच. एक इचारायचं व्हतं, महाराज. कुनीच सांगंना गेलंय."

"विचार."

"पोरीला कुकू कुनी लावलं व्हतं ओ?"

मी उपरणे सावरले.

"व्हटाला आन् नाकाखाली. पुरायला नेली तवा म्या पदरानं पुसलं, तर निघंना. बालाजी म्हनला, आई, रगात आसल ते. म्या म्हनलं, बाबा, रगात मला कळतंय, चार बाळंतपनं झालीत माझी. हे कुकू हाय. जलमून डोळाबी उघडला न्हाई तिनं, आन् तिला सवाशिनीवानी कुनी नटवलं?"

एवढ्यात तुझी आई फराळाचे ताट घेऊन बाहेर आली. कडूबाईने हात मागे घेतले. "न्हाई काकू. सुतक फिटलं, पर घास उतरत न्हाई. आमची सून तर उंबऱ्याकडं तोंड करून बसलीय, दूध दाटलंय तिला. ते कुनाला पाजावं, सांगा." मग पुन्हा माझ्याकडे वळली. "तर महाराज?"

मी म्हणालो, "चौकशी चालू आहे."

हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच उच्चारले. ते तुमच्या कार्यालयातले आहे. पण जिभेवर किती सहज आले.

ती गेल्यावर तुझी आई ताट तसेच हातात धरून उभी राहिली. "काय म्हणायली होती ती? कुंकवाचं काय?" मी म्हणालो, शोकाने माणसाला काहीही दिसते.

तुला ठाऊक आहे की तिला जे दिसले ते खरे होते. तांबड्या वस्त्रावर तुझी छाती तपासायची नळी, रक्तदाबाचे यंत्र, बाळाचा वजनकाटा, कात्र्या आणि मधोमध ती पिशवी मीच मांडली. रबरावर कोरडे कुंकू ठरत नाही म्हणून पाण्यात कालवून बोट ओढले. बोट नेमके बाळाच्या तोंडावर टेकणाऱ्या मुखवट्याच्या कडेवर पडले. आणि मांडणी होताच सर्वांना बजावले की उत्तरपूजा उद्या, दशमीला. तोवर यातले काहीही हलवू नये. आज हत्यारांना विश्रांती. शेतकरी आज नांगर धरत नाही, सुतार करवत उचलत नाही. तू मान डोलावलीस. डॉक्टर मुलगा सर्वांसमक्ष बापाचे ऐकतो, याचा मला अभिमान वाटला.

ज्या हत्याराला एक दिवसही विसावा देता येत नाही ते त्या चौरंगावर का होते, हे मला कोणीतरी विचारायला हवे होते, असे म्हणणेही आता लबाडीचे आहे. विचारणारा तिथे एकच होता, दक्षिणेकडच्या भिंतीवर टांगलेला कागद. त्याला तू गप्प केलेस.

मुंजीनंतर तू माझ्याबरोबर पूजा सांगायला येऊ लागलास, ते आठवते का? पोखर्णीच्या एका यजमानाकडे देवाला वाहायला वस्त्र नव्हते. मी म्हणालो, "वस्त्रार्थे अक्षतान् समर्पयामि," आणि तुझ्या हातावर तांदूळ दिले. मग अलंकार नव्हते, त्याही अक्षताच. छत्र नव्हते, चामर नव्हते, आरसा नव्हता. तू परतताना विचारलेस, "अण्णा, देवाला कळत नाही का, की हे वस्त्र नाही, तांदूळ आहेत?" मी म्हणालो, देव भाव पाहतो. मला वाटले, पोराला पटले.

पटलेच होते, श्रीराम. सुकेशनीला जी खूण करायला लावलीस ती अक्षताच होती. पिशवीच्या ठिकाणी तांदूळ. देव भाव पाहत असेल; नुकत्या जन्मलेल्या छातीला वारा लागतो.

अण्णा


पेडगाव,
कार्तिक वद्य षष्ठी

श्रीराम,

तुझा फोन आईला आला हे बरे झाले. तिने तो मला ऐकू येईल असा मोठा लावला होता, हे तुला ठाऊक नसावे. "अण्णांना म्हणावं, चौकशीचं बोलावणं आलं तर ब्लडप्रेशर वाढलंय म्हणून कळवा. सर्टिफिकेट मी पाठवतो." फोन ठेवल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. लग्नाला इतकी वर्षे झाली, ती अशी समोर क्वचितच बसते.

"एकुलतं एक लेकरू आहे आपलं. त्या सिस्टरला कुठंही नोकरी लागंल. ह्याच्या नावाला डाग लागला तर तो कुठं धुवायचा?"

"डाग आधीच आहे, सुमंगला."

"तुम्ही बोलून ती पोर परत येणारे का?"

"नाही."

"मग?"

ती उठली आणि माझे पान न वाढताच देवघरात गेली.

आता जे लिहितो ते तुला अर्धे ठाऊक आहे. दुसरे अर्धे मी आजवर कोणास सांगितलेले नाही. पहिल्या पत्रात मी स्वतःला तटस्थ म्हटले, तो शब्द मागे घेतो.

तू आत टॉवेलमध्ये मुलीची पाठ चोळत होतास. रडत नव्हती. तू ओरडलास, "पिशवी!" सुकेशनी धावली. धावल्याचे मला ऐकू आले. मी सोवळ्यात होतो, आरती होऊन मंत्रपुष्प चालू होते. ती उंबरठ्यावर येऊन थांबली.

"काका, पिशवी द्या. लेकरू रडंना."

मी तळहात दाखवला. थांब.

मंत्र मध्येच तोडू नये, हा नियम. मी तो तोडला नाही. ती पुन्हा म्हणाली, "काका!" मी मान हलवली, की झालेच. झाल्यावर पुष्पांजली वाहिली. मग पूजिलेली वस्तू जागेवरून हलवायची तर आधी अक्षता वाहून अनुज्ञा घ्यावी लागते, म्हणून पिशवीवर अक्षता वाहिल्या. फूल बाजूला काढले. पिशवी घेऊन दारापर्यंत आलो आणि मी सोवळ्यात असल्यामुळे ती उंबरठ्याच्या आत खाली ठेवली. सुकेशनीने वाकून उचलली आणि पळता पळता ओढणीने पुसली. कालवलेले कुंकू ओढणीने पुसले जात नाही, ते पसरते.

किती वेळ गेला, हे मला सांगता येणार नाही. मंत्रपुष्प मी सावकाश, स्वर लावून म्हणतो. सगळे त्याची स्तुती करतात.

तिने पिशवी मागितलीच नाही असे तू लिहिलेस. त्याच दिवशी परतताना गाडीत तू मला म्हणालास, "अण्णा, तुमचा आवाज आत येत होता." माझा आवाज आत आला, तर माझ्या दारात उभ्या असलेल्या तिचाही आला. तू मला वाचवण्यासाठी खोटे लिहिलेस की स्वतःला, हे मी विचारणार नाही. कदाचित तुलाही ते वेगळे करता येत नसेल. पण आपल्या दोघांचे मिळून जे झाले, ते त्या बाईच्या नावावर लिहिले जात आहे.

प्रमाणपत्र पाठवू नकोस. माझा रक्तदाब उत्तम आहे.

अण्णा


पेडगाव,
मार्गशीर्ष शुद्ध दशमी

श्रीराम,

चौकशीच्या खोलीत आपण समोरासमोर होतो, तरी हे लिहावे लागते आहे. तू भिंतीकडे पाहत होतास.

तू ऐकलेस तेवढे पुन्हा लिहीत नाही. त्या अधिकारी बाईंनी विचारले, "तुम्ही डॉक्टरांचे वडील ना?" मी हो म्हणालो. "मग नीट विचार करून सांगा." मी नीट विचार करूनच सांगितले: खूण कोणी करवली, पिशवी कुठे होती, सुकेशनीने ती किती वेळा मागितली आणि मी काय करीत होतो. बाईंनी विचारले, "मग ती आत येऊन स्वतः उचलून का घेऊन गेली नाही?" मी म्हणालो, "पूजा चालू होती." त्यांनी ते लिहून घेतले. तू पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलेस. तुला वाटले असेल, अण्णांनी एवढे तरी राखले.

मी बाहेर आलो. सुकेशनी लिंबाखाली उभी होती.

"काका, उपकार झाले म्हणू का?"

"म्हणू नकोस."

"न्हाईच म्हणत." ती थोडी हसली. हसू चांगले नव्हते. "दार उघडं होतं, ऐकू आलं मला. मॅडमनी इचारलं, आत का आली न्हाई. तुमी म्हणलात, पूजा चालू होती."

"चालू होती ना."

"योगीराज पूजा चालू असताना दोनदा आत आला. एकदा उदबत्ती घेऊन, एकदा निरांजनात तेल घालायला. त्याच्या हातात तुमी हळदकुंकवाचं पंचपाळं दिलं. हातात. मी उंबऱ्यावर थांबले, आन् माझ्यापुढं पिशवी खाली ठेवली. त्यो देवाचा नियम होता का, काका, का गावाचा?"

मला वाटले ती आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

"तुमाला दोष द्यायला मी थांबले न्हाई इथं. मलाच मी कळंना गेलेय. ह्या दवाखान्यात कुनाच्या घरच्या बाईला मी हात लावला न्हाई, सांगा. पाटलाची लेक, वाण्याची सून, तुमच्या भावकीतल्यासुद्धा. कळा द्यायला लागल्या की समद्या माझाच हात धरतात. आन् त्या दिवशी, लेकरू मरायलंय, आन् माझा पाय उंबरा वलांडंना. ते पाय माझे नव्हते, काका. आजीचे होते. मी नर्स झाले तरी तिनं माझ्या पायात ते ठेवलेलंच होतं. ह्याचं काय लिहितील ते मॅडम?"

श्रीराम, मी सत्तर वर्षे सोवळे पाळले. माझ्या समजुतीत ते माझ्या देहावरचे बंधन होते, माझ्या पाण्याचे, माझ्या वस्त्राचे. ते बंधन दुसऱ्या कोणाच्या पायात असते, हे मला ठाऊक नव्हते असे लिहिणार होतो. खोडून टाकले आहे. ठाऊक होते. म्हणूनच तर मी पिशवी खाली ठेवली. हातांना विचार करावा लागला नाही.

मी परत आत गेलो. ते कागद आवरत होते, तू उठण्याच्या तयारीत होतास. मी म्हणालो, "माझे एक वाक्य राहिले." बाई म्हणाल्या, बोला. मी सांगितले की पूजा चालू असताना शिपाई आत येत होता. सुकेशनी आली नाही, कारण ती बौद्ध आहे, मी ब्राह्मण सोवळ्यात होतो, आणि तिने येऊ नये हे आम्हां दोघांनाही न बोलता ठाऊक होते. पिशवी मी तिच्या हातात दिली नाही. मुलगी जिवंत असताना मी हे पाळले.

बाईंचे पेन थांबले. "काका, हे लिहू का खरंच?"

"लिहा."

तेव्हा तुझी खुर्ची मागे सरली आणि तू निघून गेलास. दारात सुकेशनी उभी होती. तू तिला वळसा घालून गेलास.

मी तिथून चंद्रभानच्या घरी गेलो. कडूबाई दारात धान्य पाखडत होती. तिच्या भाऊबीजेच्या प्रश्नाचे उत्तर तिला उभ्यानेच दिले, सगळे. तिने सूप खाली ठेवले नाही. पाखडतच राहिली. मग म्हणाली, "जा आता, महाराज." एवढेच.

अण्णा


पेडगाव,
खंडेनवमी, शके १९४६

श्रीराम,

निकाल तुला माहीत आहे. मी योगीराजकडून ऐकला. तुला लेखी ताकीद आणि बदली. सुकेशनीवर दोष नाही असे ठरले. मात्र तिचा करार पुढे वाढवला नाही, आणि त्याचे कारण कोणी लिहिले नाही. पाथरीला एका खासगी दवाखान्यात ती लागली आहे. जीपने जाते-येते. मी वाचवायला गेलो ते वाचले नाही.

तुझी आई माझ्याशी कामापुरते बोलते. तुझ्या मुलाच्या बारशाचे बोलावणे तिला आले, मला नाही. ती जाऊन आली. नातू कोणासारखा दिसतो, हे मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. पण रात्रीच्या जेवणात तिने माझ्या पानात एक पेढा ठेवला.

केंद्रातून यंदा पूजेचे बोलावणे आले नाही. घरी पोथ्या आणि लेखणी मांडली. कुंकू पाण्यात कालवले नाही.

अण्णा


सावळदरा,
फाल्गुन शुद्ध तृतीया

श्रीराम,

हे पत्र केंद्राच्या व्हरांड्यात, बाकावर बसून, मांडीवर वही ठेवून लिहितो आहे. अक्षर वाकडे आले तर वयाचा दोष समज.

सकाळी माझी पूजा आटोपत होती तोच चंद्रभान मोटारसायकल घेऊन दारात आला. "चला महाराज. सुनंला आनलंय दवाखान्यात. कडूनं बोलावलंय तुमाला."

मला वाटले, मुहूर्त विचारायचा असेल. पंचांगाकडे हात गेला. तो म्हणाला, "ते राहू द्या घरीच. तिनं निस्तं तुमाला आनायला सांगितलंय."

तुझी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मी सोवळे उतरवून साधे धोतर नेसलो, अंगात सदरा घातला. निघताना तिने पाण्याची बाटली माझ्या पिशवीत घातली.

कडूबाई मला पाहून उठली नाही. प्रसूतीच्या खोलीच्या दाराकडे बोट करून म्हणाली, "हितं बसा. मी आत सुनंपाशी ऱ्हाते. त्या दिवशी तुमाला समदं दिसत व्हतं आन् तुमी गप ऱ्हायलात. आज तुमी गप बसायचं न्हाई. तेवढ्यासाठी आनलंय तुमाला. दुसरं काई काम न्हाई तुमचं."

श्रीराम, मी आयुष्यभर अनेक आसनांवर बसलो. इतक्या स्पष्ट शब्दांत कर्तव्य सांगून मला कोणी बसवले नव्हते.

नव्या सिस्टर जिंतूरकडच्या आहेत, वयाने लहान. थोड्या वेळापूर्वी त्या यादी घेऊन उभ्या राहिल्या आणि मनातल्या मनात वाचून खुणा करू लागल्या. आतून कडूबाईचा आवाज आला, "मोठ्यानं वाचा की बाई. भाईर मानूस ऐकायलंय."

"कोन मानूस?"

"तुमी वाचा तर."

त्या वाचू लागल्या. हातमोजे. साबण. इंजेक्शन. टॉवेल. नाळ बांधायची दोरी. प्रत्येकापुढे त्याच म्हणत, "हाय." मग पिशवी आणि मुखवटा आला. "हाय."

"दाखव," मी बाहेरून म्हणालो.

"आजोबा, तुमी निवांत बसा बरं. हाय म्हणलं ना, कपाटात हाय."

"दाखव, बाळ."

"कोन हायेत ओ हे?" त्यांनी आत विचारले.

"महाराज हायेत," कडूबाई म्हणाली. "त्यास्नी बोलायलाच आनलंय. ऐका त्यांचं, न्हाईतर ते उठून आत येतील."

कपाटाला कुलूप होते. किल्ली औषधे वाटणाऱ्याकडे आणि तो चहाला गेलेला. चंद्रभान पळतच त्याला आणायला गेला. तो येईपर्यंत प्रियांकाचे कण्हणे मला ऐकू येत होते, आणि माझ्या ओठांवर आपोआप मंत्र येऊ लागला. मी तो म्हटला नाही. दाराकडे पाहत राहिलो.

पिशवी आली. सिस्टर रागावल्या होत्या. दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "बघा, आजोबा. झालं समाधान?"

"चालते का?"

त्यांनी एक सुस्कारा टाकला. मग माझा हात ओढून उताणा केला, मुखवटा माझ्या तळहातावर टेकवला आणि पिशवी दाबली. वारा लागला. थंड, आणि किती थोडा. सोडून पुन्हा दाबली. पुन्हा लागला. मी हात मिटला नाही.

"खाटेपाशी ठेवा," मी म्हणालो. त्यांनी ठेवली. ठेवताना मला दिसावी म्हणून कडूबाईने दार पायाने ढकलून अर्धे उघडे केले आहे.

त्या दिवशी एवढेच हवे होते, श्रीराम. आपल्या दोघांनाही ते देता येत होते.

तू आता जिथे असशील तिथेही भिंतीवर ती यादी असेल. मी तुला काही मागत नाही. प्रियांकाचा आवाज बदलला आहे. लेखणी ठेवतो. लिहीत असताना मला आतले नीट ऐकू येत नाही.

काशीनाथ